घरातली तरुण आई शेवटच्या आजारात आहे: ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, पाळकही नाही. मंडळीच्या वतीने आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसते, एवढंच. माझी धाकटी बहीण दोन लहान मुलं मागे ठेवून कॅन्सरने गेली, तेव्हापासून हे काम अंगावर आलं. खालचे प्रश्न मला फोनवर, मेसेजवर, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर आलेले आहेत. औषधांबद्दल इथे जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलायची सुरुवात म्हणून वाचा, डोस ठरवायला नाही.

१. डॉक्टर म्हणाले, "आता बरं करण्याचा उपचार नाही." म्हणजे आता काहीच करायचं नाही का?

नाही. या वाक्याचा अर्थ एवढाच की कॅन्सर शरीरातून घालवता येणार नाही. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती या सगळ्यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं. कधी केमो किंवा रेडिएशनही देतात, पण ते आजार आवरायला किंवा वेदना कमी करायला. प्रत्येक उपचाराआधी डॉक्टरांना सरळ विचारा: "हा कशासाठी? बरं करायला, दिवस वाढवायला, की त्रास कमी करायला?" हा प्रश्न न विचारल्यामुळे कित्येक घरांत महिनोन्‌महिने गैरसमज चालतो.

२. किती दिवस आहेत, हे कोणीच नीट का सांगत नाही?

कारण कोणालाच नक्की माहीत नसतं. डॉक्टरांचा अंदाज चुकतो तेव्हा बहुधा जास्त दिवस सांगण्याकडे चुकतो, हेही लक्षात ठेवा. एक ढोबळ आडाखा कामी येतो: तब्येत महिन्यागणिक उतरत असेल तर हिशेब महिन्यांचा, आठवड्यागणिक उतरत असेल तर आठवड्यांचा, रोज फरक दिसू लागला तर दिवसांचा. मुलांना सांगायचं असेल, लांबच्या भावंडाला बोलवायचं असेल, तर या आडाख्यावर निर्णय घ्या. तारखेची वाट बघू नका.

३. पॅलिएटिव्ह केअर घेतली तर आम्ही विश्वास सोडला असं होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार घालवण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या जागेची, सुरुवात करणाऱ्या सिसिली साँडर्स स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, आत्म्याचंही असतं, आणि ते सगळं एकत्रच हाताळावं लागतं, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही.

दुसरं, ही काळजी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. २०१० साली अमेरिकेत पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचे दिवस जास्त बरे गेले, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. हा एका प्रकारच्या कॅन्सरचा अभ्यास आहे, सगळ्यांना तसाच लागू होईल असं नाही. पण "पॅलिएटिव्ह घेतलं की माणूस लवकर जातो" ही भीती तरी मनातून काढून टाका.

४. मॉर्फिन सुरू करायचं म्हणतात. व्यसन लागेल का? त्यानेच ती जाईल का?

कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट मापात दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं विरळा. डोस वाढतो तो बहुतेक वेळा आजार वाढतो म्हणून. दुखण्याच्या बेताने थोडं थोडं वाढवत नेलं तर श्वास बंद पडण्याची भीतीही फार कमी असते. उलट धाप लागत असेल तर मॉर्फिनच्या छोट्या डोसाने आराम पडतो.

साधी गोळी किंवा पातळ औषध साधारण दर चार तासांनी देतात. ते दुखायला लागल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे द्यायचं. मधेच कळ उठली तर वेगळा जादा डोस असतो, तो आधीच लिहून घ्या. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबतच हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. आणि गोळी एकाएकी बंद करू नका.

काही जणी म्हणतात, "प्रभूने दुःख सोसलं, मीही सोसते." ही त्यांची स्वतःची निवड असेल तर ऐकून घ्या. पण नवऱ्याने किंवा सासूने ती तिच्यावर लादू नये. वेदना कमी करताना आयुष्य थोडं कमी झालं तरी, हेतू वेदनाशमनाचा असेल आणि दुसरा उपाय नसेल तर ते चालतं, असं पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितलं होतं. कळ थांबली की बायको पुन्हा बायको होते, मुलाला जवळ घेऊ शकते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

५. आम्ही उपास केले, रात्ररात्र प्रार्थना केली. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही. यावर मी थोडं जास्त लिहिते, कारण या एका विचाराने खचलेली घरं मी आजाराने खचलेल्या घरांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

पवित्र शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली आणि त्याला १५ वर्षं मिळाली. दाविदाने लेकरासाठी उपास केला, जमिनीवर पडून राहिला, आणि सातव्या दिवशी लेकरू गेलं. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेत इथे आजारी सोडलं, असं त्याने स्वतःच तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात लिहिलंय. तिथे त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. आणि गेथशेमानेत खुद्द प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे?

बरं करण्याची प्रार्थना थांबवा असं मी कधीच सांगत नाही. पण त्याच प्रार्थनेत आजच्या रात्रीची झोप मागा, मुलांसाठी माणसं मागा, निरोप घ्यायला धैर्य मागा. "बरं होणारच आहे, मग निरोप कशाला?" असं म्हणत राहिलेल्या कुटुंबांना नंतर बोलायचं राहून गेलेलं फार सलतं.

६. देवाचे एक सेवक म्हणतात, औषध बंद केलं तरच चमत्कार होईल.

ऐकू नका. वर सांगितलेल्या हिज्कीयाच्या गोष्टीत यशया संदेष्टा नुसता निरोप देऊन थांबत नाही, गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. लूक वैद्य होता. औषध आणि प्रार्थना यांत भांडण लावणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याला आजाऱ्याच्या खोलीत एकट्याने जाऊ देऊ नका. पैसे मागत असेल तर दारातूनच निरोप द्या.

७. तिला आता केमो नको आहे. उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नाही का?

नाही. ज्याचा फायदा नगण्य आणि त्रास मोठा असा उपचार नाकारणं वेगळं, आणि जीव घेणं वेगळं. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९५ च्या परिपत्रकातही हा फरक स्पष्ट केलाय आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्याही तोच धरतात. व्हेंटिलेटर आणि छाती दाबून हृदय सुरू करणं यांबद्दलही हेच. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये त्यातून माणूस सावरून घरी येणं फार दुर्मीळ. तिला शुद्ध आहे तोवर तिला विचारा, डॉक्टरांकडून लेखी नोंद करून घ्या. कागदांचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते रुग्णालयातून समजून घ्या. मुलांचा पालक कोण, हेही त्याच आठवड्यात लिहून टाका.

८. ती देवावर चिडली आहे. प्रार्थना नको म्हणते. काय करू?

तिच्याऐवजी तुम्ही करा, तिच्यासमोर नको. बाविसावं स्तोत्र देवाला जाब विचारूनच सुरू होतं आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी तेच आलं. ईयोब तर पानंच्या पानं भांडतो. चिडलेला माणूस अजून बोलतोय, हे विसरू नका.

९. मुलांना सांगायचं का? कधी? कोणत्या शब्दांत?

सांगायचं. आणि शक्य असेल तर आईवडिलांनी मिळून, आई बोलू शकते तोवर. मुलांना कळतच असतं, फक्त ती एकटी कळून घेतात.

माझ्या भाच्याचं सांगते. तो तेव्हा सहा वर्षांचा. त्याचा लाडका बॉल एक दिवस दिसेनासा झाला. कपाट सरकवलं तेव्हा मागे सापडला, मुद्दाम ढकललेला. आम्हाला वाटलं, त्याला खेळायचा कंटाळा आला असेल. पुढे महिन्याभराने बहिणीने त्याला जवळ घेऊन सांगितलं, "मला कॅन्सर झालाय. तू काही केलंस म्हणून नाही झाला." त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "बॉलनेपण नाही?" कधीतरी त्याचा बॉल तिच्या पोटावर लागला होता. इतके दिवस तो ते एकटा वागवत होता.

म्हणून तीन गोष्टी स्पष्ट सांगाच: हे तुझ्यामुळे झालं नाही, हा आजार शिवल्याने लागत नाही, आणि तुझ्याजवळ कोण राहणार आहे. शब्द खरे वापरा. "आईला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण आता ती औषधं कॅन्सरला थांबवू शकत नाहीत. आई मरणार आहे. आज नाही, पण मोठ्या सुट्टीपर्यंत कदाचित ती नसेल." "मरणार" हा शब्द मोठ्यांच्याच घशात अडकतो. तो उच्चारला की मूल पुढचं विचारतं, आणि ते विचारणंच हवं असतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही. ते पुन्हा पुन्हा विचारेल, तुम्ही पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्या. सहा ते नऊच्या मुलांना स्वतःचा दोष वाटण्याचा धोका जास्त. किशोरवयीन मुलांना माहिती हवी असते, आणि चिडायची मोकळीकही. थोरल्या मुलीला घरची छोटी आई करू नका. तिला मदत करू द्या, पण धाकट्यांची जबाबदारी कुठल्यातरी मोठ्या माणसाची असू द्या, आणि ते तिला सांगा.

१०. "देवाला आई आवडली म्हणून त्याने नेलं" असं सांगू का?

नको. मुलाच्या कानाला हे असं ऐकू येतं की देव आवडत्या माणसांना पळवतो. मग ते शहाण्यासारखं वागायला घाबरतं. "झोपली" असंही सांगू नका, रात्री अंथरुणाला पाठ टेकवेनासं होतं. "कॅन्सरमुळे आईचं शरीर बंद पडलं. ती आता प्रभूजवळ आहे. आपल्याला ती दिसणार नाही आणि म्हणून आपल्याला रडू येतं. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला होता." एवढं पुरे. स्वर्ग कसा दिसतो यावर रचून सांगू नका. मूल तपशील लक्षात ठेवतं आणि बाराव्या वर्षी हिशेब मागतं.

११. सांगितलं, तर मुलगा पाच मिनिटं रडला आणि खेळायला गेला. त्याला कळलं नाही का?

कळलं. मुलं दुःखात मावेल तेवढाच वेळ राहतात, मग बाहेर येतात, मग परत जातात. झोपेत ओलं होणं, शाळेत मारामारी, आईजवळ जायला नकार, हेही दुःखच. महिनोन्‌महिने वाढतच गेलं तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या.

१२. मुलांसाठी ती काय ठेवून जाऊ शकते?

कमी ठेवा, पण तिच्या ताकदीतलं ठेवा. बहिणीने ठरवलं होतं, दोघांना अठराव्या वाढदिवसापर्यंत दरवर्षी एक पत्र. तिसऱ्या पत्रावर हात थकला आणि उरलेल्या कोऱ्या पाकिटांकडे बघून ती रडत बसली. मग आम्ही ते सोडून दिलं. त्याऐवजी तिने फोनवर झोपतानाच्या गोष्टी वाचून ठेवल्या. एका गोष्टीत मधेच खोकला येतो, मग ती म्हणते, "थांब हं, पान चिकटलंय." मुलं तीच गोष्ट मागतात, खोकल्याचीच. सुबक केलेल्या बाकीच्यांकडे फिरकतही नाहीत.

दोन सूचना. रेकॉर्डिंगची प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि फोनचा पासवर्ड विचारून ठेवा. आणि पत्रातून मुलाकडून वचनं घेऊ नका. "कधी रडू नकोस", "डॉक्टर हो", "बाबांना सांभाळ" ही ओझी मरणाऱ्या आईच्या अक्षरात आली की उतरवता येत नाहीत.

१३. ती मला म्हणते, पुन्हा लग्न कर. मी काय उत्तर देऊ?

आज उत्तर द्यायची गरज नाही. "ऐकलं" एवढंच म्हणा. रोमकरांच्या पत्रात आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल स्पष्ट सांगतो की मरणाने विवाहाचं बंधन सुटतं, तेव्हा पाप-पुण्याचा प्रश्न नाही. तिचं बोलणं बहुतेक वेळा मुलांच्या काळजीतून येतं, तुमच्या नाही. मुलांचा रोजचा दिवस कोण कसा सांभाळेल ते तिला नीट सांगा. बऱ्याचदा तो विषय तिथेच निवतो.

१४. ती खात नाही. आम्ही उपाशी ठेवतोय असं वाटतं.

या टप्प्यावर शरीरच अन्न नाकारतं. आजारामुळे भूक मरते, आणि जबरदस्तीने भरवल्याने किंवा सलाईनने सहसा आयुष्य वाढत नाही. उलट सूज, मळमळ, छातीत पाणी साठणं वाढू शकतं. ती मागेल ते, मागेल तेवढं द्या, दोन घास का होईना. त्याहून महत्त्वाचं तोंड ओलं ठेवणं: मऊ स्पंज किंवा कापड पाण्यात बुडवून ओठ, जीभ पुसत राहा. हे काम मुलांनाही जमतं, आणि त्यांना ते आवडतं.

१५. शेवटचे दिवस कसे असतात? आम्ही घाबरू नये म्हणून सांगा.

झोप वाढत जाते. बोलणं तुटक होतं. काही जण मधेच अस्वस्थ होतात, चादर ओढतात, दिसत नसलेल्यांशी बोलतात. हातपाय गार पडतात, त्यांवर डाग दिसतात. श्वास एकदा जोरात, एकदा हळू, मधे काही सेकंद बंद, असा चालतो. घशात घरघर येते. ती ऐकवत नाही, पण बहुधा आजाऱ्याला तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवल्याने कमी होते. ऐकू येणं बरंच शेवटपर्यंत टिकत असावं, म्हणून बोलत राहा आणि उशाशी भांडणं करू नका. तळमळ वाढली किंवा दुखतंय असं वाटलं तर रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर आधीच भिंतीवर लावा.

१६. तैलाभ्यंग किंवा प्रभुभोजन कधी बोलवावं? तिला गिळता येत नाही.

लवकर बोलवा, ती शुद्धीवर असताना. कॅथलिकांमध्ये जुन्या 'अंत्याभ्यंगा'ची भीती अजून आहे, फादर आले म्हणजे संपलं अशी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच याला आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणणं अधिक योग्य ठरवलं. आजार बळावला तर तो पुन्हाही देता येतो. गिळता येत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाचे एक-दोन थेंब देऊनही ख्रिस्तप्रसाद देता येतो, फादरना आधी कल्पना द्या. प्रॉटेस्टंट घरांत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडीलजन तेल लावून प्रार्थना करतात. तिला मोठमोठ्याने चाललेली तासभराची प्रार्थना सोसवणार नाही. दहा मिनिटं ठरवून घ्या.

१७. मंडळीतले लोक भेटायला येऊन नको ते बोलतात. कसं आवरायचं?

दारात एक माणूस नेमा, वाईटपणा त्याने घ्यायचा. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंड उघडलं तिथून बिघडलं. लोकांना "काही लागलं तर सांगा" म्हणू देऊ नका, कामच द्या: मंगळवारी मुलांना शाळेतून आणा, रविवारी रात्री नवऱ्याला चार तास झोपू द्या.

१८. आमच्या मुलीलाही कॅन्सर होईल का?

बहुतेक कॅन्सर वारशाने येत नाहीत. पण स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर तरुणपणी झाला असेल तर बीआरसीए जनुकांची (यांतला दोष वारशाने येतो आणि अशा कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी करून घ्यावी, तीही आई हयात असताना, कारण तिच्या रक्तावरून उत्तर सगळ्यात स्पष्ट मिळतं. तिच्यात दोष सापडला तर प्रत्येक मुलात, मुलगी असो की मुलगा, तो येण्याची शक्यता ५० टक्के. दोष असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. मुलांची स्वतःची तपासणी सहसा ती सज्ञान झाल्यावरच करतात.

१९. कॅन्सर असताना नेत्रदान चालतं का? आणि दहन केलं तर पुनरुत्थानाचं काय?

बऱ्याचशा कॅन्सरमध्ये डोळ्याची पारदर्शक पटलं देता येतात. रक्ताचा आणि डोळ्याचा कॅन्सर असेल तर घेत नाहीत. मृत्यूनंतर काही तासांतच हे व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीशी आधी बोला. दहनाला कॅथलिक चर्चची १९६३ पासून परवानगी आहे, मात्र अस्थी पवित्र जागी ठेवायला सांगतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रीत वेगवेगळी, पाळकांना विचारा. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राख अडचणीची वाटेल असं मला तरी वाटत नाही.

२०. तीन महिने उशाशी होतो आणि नेमका तेव्हाच मी खोलीत नव्हतो. ती एकटी गेली का?

हे फार घरांत होतं. परिचारिका सांगतात, घरचं माणूस पाच मिनिटं बाहेर गेलं आणि तेवढ्यात श्वास थांबला. का, ते देव जाणे. प्रभूचे शिष्यही गेथशेमानेत त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर झोपले होते, आणि तरी त्याने त्यांना सोडलं नाही.

आत जा, बसा. घाई नाही. हात अजून ऊबदार असतो. मुलांना यायचं असेल तर काय दिसेल ते आधी सांगून आणा, नको म्हणत असतील तर ओढू नका. माझी बहीण गेली तेव्हा मी पाणी भरून आणायला खाली गेले होते. वर आले तर भाचा पलंगावर तिच्या शेजारी बसून, आम्ही शिकवलं होतं तसं, ओल्या स्पंजने तिचे ओठ पुसत होता. मी बाटली खाली ठेवली आणि त्याला पुसू दिलं.